विकरांचा उद्योग : ज्ञान पुण्याचे, नफा कोणाचा?

केंद्रीय मंत्रिमंडळाने २४ ऑगस्ट २०२४ रोजी ‘बायोई३’ या नावाचे जैवतंत्रज्ञानविषयक धोरण संमत केले. अर्थव्यवस्था, पर्यावरण आणि रोजगार या तिन्ही शब्दांचे इंग्रजी आद्याक्षर एकच, म्हणून हे नाव. धोरणाने ज्या क्षेत्रांना अग्रक्रम दिला आहे, त्यांत जैव रसायने आणि विकरे यांचा एक स्वतंत्र गट आहे. वृत्तपत्रांतून या धोरणाची जी चर्चा झाली ती मुख्यतः औषधे, इंधने आणि हवामानबदल यांना अनुलक्षून झाली. ‘विकरे’ हा शब्द बहुतेकांच्या नजरेतून निसटला. पुणेकरांच्या नजरेतून तरी तो निसटावयास नको होता. कारण या शब्दामागे जी विद्या आहे, तिची साधना पाषाण रस्त्यावर आणि विधी महाविद्यालयाच्या रस्त्यावर गेली कित्येक दशके चालू आहे.

विकर म्हणजे एन्झाइम. सजीवांच्या शरीरातील रासायनिक क्रिया ज्यांच्यावाचून अतिशय मंद गतीने चालल्या असत्या, असे हे उत्प्रेरक. त्यांतील प्रथिनभेदक विकरे प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे लहान तुकडे करतात. मटण लवकर शिजावे म्हणून त्यात कच्च्या पपईची फोड टाकणारी गृहिणी प्रथिनभेदक विकरच वापरीत असते. तिला त्याचे शास्त्रीय नाव ठाऊक नसते एवढेच. अन्न पचविणारे पोटातील विकर, दुधाचे चीज करण्यासाठी लागणारे रेनेट, कपड्यावरील रक्ताचे वा अंड्याचे डाग काढणाऱ्या धुण्याच्या पुडीतील विकर ही सारी एकाच कुळातील होत.

हे विकर पूर्वी प्राण्यांच्या वा वनस्पतींच्या अवयवांतून मिळवीत. कातडे मऊ करण्यासाठी युरोपातील चर्मकार शतकानुशतके कुत्र्याची विष्ठा आणि पारव्यांची वीट वापरीत असत. ऑटो रोम या जर्मन रसायनज्ञाने १९०७ च्या सुमारास हे दाखवून दिले की, या किळसवाण्या प्रक्रियेत खरे काम विकरे करतात आणि ती जनावराच्या स्वादुपिंडातून काढता येतात. त्यानेच १९१३ मध्ये कपडे धुण्यासाठी या विकरांचा उपयोग करण्याचे पेटंट घेतले. परंतु स्वादुपिंडे कत्तलखान्यात जेवढी मिळतील तेवढीच. मागणी वाढली म्हणून ती वाढविता येत नाहीत. सूक्ष्मजीवांची गोष्ट निराळी. बॅसिलस कुळातील जिवाणू किंवा एखादी बुरशी टाकीत योग्य पोषण, हवा आणि उष्णता देऊन वाढविली की दोनतीन दिवसांत ती आपले विकर भोवतालच्या द्रवात सोडते. जनावर मारावयास नको, झाडाला चीर द्यावयास नको. १९६० च्या दशकाच्या आरंभी डेन्मार्कच्या नोव्हो कंपनीने जिवाणूपासून काढलेले असे विकर धुण्याच्या पुडीसाठी बाजारात आणले आणि एका नव्या उद्योगाचा पाया घातला गेला.

या उद्योगाच्या ज्ञानात पुण्याचा वाटा किती आहे याची कल्पना या शहरातील सुशिक्षितांनाही क्वचितच असते. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. औद्योगिक उपयोगाच्या सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह याच प्रयोगशाळेत आहे; तेथे जतन केलेले जिवाणू, यीस्ट आणि बुरशी देशभरातील महाविद्यालये व कारखाने मागवून घेतात. कोनिडिओबोलस नावाच्या बुरशीपासून मिळणारे अल्कधर्मी विकर बाजारातील डिटर्जंटांबरोबर टिकते की नाही, याचा अभ्यास याच प्रयोगशाळेत झाला व तो १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९९८ मध्ये माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे या प्रयोगशाळेतील चार संशोधिकांनी सूक्ष्मजीवांपासून मिळणाऱ्या प्रथिनभेदक विकरांचा विस्तृत आढावा अमेरिकेतील एका मान्यवर नियतकालिकात लिहिला. जगातील विकरांच्या एकूण विक्रीत या एका गटाचा वाटा सुमारे ६० टक्के असल्याचे त्यात नमूद होते. या विषयावर पुढे जगात जे जे लेखन झाले, त्यातील फार मोठ्या भागाला या निबंधाचा उल्लेख टाळता आलेला नाही.

आघारकर संशोधन संस्थेचे कार्यही याच जातीचे. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर उल्कापाताने झालेले आणि त्याचे पाणी तीव्र अल्कधर्मी. साबणाच्या पाण्यात जे विकर टिकावयाचे, ते अशाच पाण्यात वाढणाऱ्या जिवाणूंत शोधावे हा तर्क सरळ आहे. या संस्थेतील संशोधकांनी लोणारच्या जिवाणूंपासून मिळणाऱ्या प्रथिनभेदक विकरांवरील आपले निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध केले. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा कुतूहल म्हणून साऱ्या महाराष्ट्राने ती छायाचित्रे पाहिली. तो रंग क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांचा होता, हा निर्वाळाही याच संस्थेच्या अभ्यासातून मिळाला. लोणारच्या पाण्यात जी संपत्ती आहे ती मात्र छायाचित्रात दिसत नाही.

येणेप्रमाणे सूक्ष्मजीव घरचे, विद्या घरची, आणि ज्या कच्च्या मालावर हे जीव पोसावयाचे ती मळी व सोयाबीनची पेंडही महाराष्ट्रातच विपुल. असे असता विकरांचा मोठा उद्योग पुण्याच्या परिसरात का उभा राहिला नाही? संशोधकांना व्यवहार कळत नाही आणि उद्योगपतींना विज्ञान कळत नाही, हे नेहमीचे उत्तर सोपे आहे. परंतु ते अपुरे आहे. खरे कारण या मालाच्या अर्थशास्त्रात दडलेले आहे, आणि ते नीट समजून घेतल्यावाचून नव्या धोरणाचे मोल ठरविता येणार नाही.

विकर हे उत्प्रेरक आहे. म्हणजे काम केल्याने ते खर्ची पडत नाही. त्याचा एक रेणू एका मागून एक असंख्य साखळ्या तोडीत राहतो. म्हणूनच धुण्याच्या पुडीत ते वजनाने शेकडा एक भागाहूनही कमी पुरते. गुण म्हणून ही गोष्ट मोठी; परंतु विक्रेत्याच्या दृष्टीने पाहता तिचा अर्थ असा की, एका अवाढव्य धंद्याची गरज अगदी थोड्या मालात भागते. सिमेंट किंवा खत यांच्याप्रमाणे गावोगाव कारखाने निघावेत एवढी मागणी येथे कधीच निर्माण होत नाही. दुसऱ्या बाजूला किण्वनाचा खर्च पाहावा. टाकीत सतत हवा घालावी लागते, तीस वीज लागते; द्रवातून जिवाणू वेगळे करणे, विकर गाळून घट्ट करणे, त्याचे धूळ न उडणारे कण बनविणे ही कामे टाकी लहान असो वा मोठी, करावीच लागतात. साहजिकच जेवढी टाकी मोठी, तेवढा एकेका किलोमागे खर्च कमी. मागणी थोडी आणि मोठ्या आकाराचा फायदा फार, अशी स्थिती जेथे असते तेथे विक्रेते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहतात. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे सांगता येईल.

घडलेही नेमके तसेच. अमेरिकेतील जेनेन्कोर कंपनी १९८२ मध्ये स्थापन झाली. ती २००५ मध्ये डेन्मार्कच्या डॅनिस्कोने घेतली, डॅनिस्कोला २०११ मध्ये ड्यूपाँटने गिळले आणि तो व्यवसाय २०२१ मध्ये आयएफएफ या तिसऱ्याच कंपनीत विलीन झाला. नोव्होझाइम्स आणि १८७४ पासून वासराच्या जठरातील रेनेट विकत आलेली क्रिश्चन हान्सन या दोन डॅनिश कंपन्या जानेवारी २०२४ मध्ये एकत्र येऊन नोव्होनेसिस बनल्या. धुण्याच्या पुडीतील विकर आणि चीजचे विकर यांचे मोठे पुरवठादार अशा रीतीने एकाच छत्राखाली आले.

या मोजक्या कंपन्यांची खरी ठेव त्यांच्या टाक्यांत नाही, त्यांच्या जिवाणूंत आहे. मातीतून वा सरोवरातून शोधलेला मूळचा जिवाणू आपल्या गरजेपुरते विकर निर्माण करतो. माणसाच्या नफ्यासाठी अधिक करण्याचे त्याला कारण नसते. जनुकीय बदल, निवड आणि पोषणाचे प्रयोग यांतून तयार केलेला औद्योगिक जिवाणू मात्र एका लिटर द्रवात वीसपंचवीस ग्रॅमपर्यंत प्रथिन सोडू शकतो. शिवाय विकराचा रेणूही बदलता येतो. रंग उडविणाऱ्या द्रव्याने ज्या ठिकाणी त्याला इजा होते, तेथील एकच अमिनो आम्ल बदलून विकर टिकाऊ करता येते, हे जेनेन्कोर व जेनेनटेक येथील संशोधकांनी १९८५ मध्येच दाखवून दिले. तात्पर्य, जिवाणू सापडणे ही या प्रवासातील पहिली पायरी आहे, आणि पुण्याच्या संशोधनाचे फार मोठे श्रम या व तिच्या लगतच्या पायऱ्यांवर खर्ची पडले. कोनिडिओबोलसचेच उदाहरण घ्यावे. या कुळातील एक बुरशी उष्ण प्रदेशात क्वचित माणसाच्या नाकातील व चेहऱ्यावरील ऊतींना ग्रासते. प्रयोगशाळेतील शेगडीवर जे चालते ते हजारो लिटरच्या टाकीत चालवावयाचे, तर तेथील कामगारांच्या सुरक्षिततेचा विचार करावा लागतो, आणि मग त्या बुरशीतील गुण दुसऱ्या निरुपद्रवी जीवात उतरविण्याचा खटाटोप अपरिहार्य होतो. त्यासाठी लागणारे वर्षानुवर्षांचे भांडवल शोधनिबंधातून उभे राहत नाही.

कामगारांचा उल्लेख आलाच आहे, तर युरोपचा एक अनुभव सांगणे आवश्यक आहे. १९६० च्या दशकात विकरांची बारीक पूड डिटर्जंटमध्ये मिसळली जाई. त्या धुळीने कारखान्यातील अनेक कामगारांना दम्याचा विकार जडला. इंग्लंडमधील डॉक्टरांनी १९६९ मध्ये ही गोष्ट उघडकीस आणली, तेव्हा ग्राहकही बिथरले आणि हा सगळा धंदाच काही काळ डळमळला. विकरावर मेणासारख्या पदार्थाचे आवरण चढवून त्याचे कण बनविण्याची पद्धत त्या संकटातून आली. आपल्याकडे लहान कारखान्यांना प्रोत्साहन देताना हा अध्याय विसरला जाऊ नये.

भारतीयांना हे क्षेत्र साध्यच नव्हते, असे मात्र म्हणता येणार नाही. बेंगळुरू येथे १९७८ मध्ये किरण मजुमदार यांनी बायोकॉन कंपनी आयर्लंडच्या एका कंपनीच्या भागीदारीत सुरू केली, ती पपईच्या चिकातील पपेन हे प्रथिनभेदक विकर निर्यात करण्यासाठीच. बिअर थंड केल्यावर गढूळ होऊ नये म्हणून ते वापरीत. पुढे या कंपनीने गव्हाच्या कोंड्यासारख्या ओलसर घन पदार्थावर बुरशी वाढवून विकरे काढण्याचे तंत्र सिद्ध केले. तेथून ती औषधांकडे वळली, इन्सुलिनपर्यंत पोहोचली आणि २००७ मध्ये तिने आपला विकरांचा संपूर्ण व्यवसाय नोव्होझाइम्सला ११.५ कोटी डॉलरना विकून टाकला. कंपनीच्या हिशेबाने हा निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. जी शिडी चढून ती वर गेली, ती शिडी देशाला मात्र राहिली नाही. ठाण्याची अ‍ॅडव्हान्स्ड एन्झाइम टेक्नॉलॉजीज ही १९८९ मध्ये स्थापन झालेली कंपनी याच क्षेत्रात टिकून आहे आणि २०१६ मध्ये तिचे समभाग शेअर बाजारात आले, ही समाधानाची बाब आहे. परंतु तिच्या व्यवसायाचा भर औषधे व आहारपूरके यांसाठी लागणाऱ्या विकरांवर आहे. डिटर्जंटच्या विकरांत जागतिक कंपन्यांना तोंड देणारी भारतीय कंपनी अद्याप पुढे यावयाची आहे.

औषधांचा विषय निघाला म्हणजे एका गोष्टीकडे डोळेझाक करता येत नाही. दाढ काढल्यावर, पाय मुरगळल्यावर किंवा लहानसहान शस्त्रक्रियेनंतर सूज उतरावी म्हणून जी गोळी लिहून दिली जाते, तीत वेदनाशामकाबरोबर पुष्कळदा सेराशिओपेप्टिडेज हे प्रथिनभेदक विकर असते. रेशमाच्या किड्याच्या आतड्यातील जिवाणूपासून ते जपानमध्ये प्रथम मिळविण्यात आले. ज्या ताकेदा कंपनीने ते औषध म्हणून आणले, तिनेच नव्या चाचण्यांत त्याचा परिणाम नुसत्या साखरेच्या गोळीहून वेगळा आढळला नाही म्हणून २०११ मध्ये ते जपानच्या बाजारातून मागे घेतले. भारतात त्याची विक्री चालूच राहिली. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्र सरकारने ज्या १५६ औषधी मिश्रणांवर बंदी घातली, त्यांत पंधराएक पाचक विकरे एकत्र केलेले एक मिश्रणही होते. यातून उद्योगाविषयीचे एक अप्रिय सत्य निष्पन्न होते. जेथे खरेदीदाराला मालाची पारख करता येत नाही आणि चिठ्ठी लिहिणारा दुसराच असतो, तेथे भारतीय विकरांना बाजारपेठ मिळते. जेथे मालाचा गुण रोज कपड्यावर दिसतो, तेथे ती परक्यांच्या हाती राहते. पहिल्या प्रकारच्या विक्रीचे आकडे ‘जैव अर्थव्यवस्थे’च्या वाढीत मिळवून त्यावर आनंद मानणे कितपत योग्य, याचा विचार धोरण आखणाऱ्यांनी करावा.

आता मागणीच्या बाजूकडे वळू. युरोपात या विकरांना जी किंमत आली ती विजेमुळे. तेथे कपडे उकळत्या वा कढत पाण्यात धुण्याची रीत होती; विकरामुळे तेच काम कोमट पाण्यात होऊ लागले आणि पाणी तापविण्याचा खर्च वाचला. पुण्याच्या एखाद्या वाड्यात वा चाळीत कपडे प्रथमपासूनच थंड पाण्यात धुतले जातात. बादलीत भिजत घालावयाचे, वडी घासावयाची, दगडावर आपटावयाचे, पिळावयाचे आणि दोनतीन पाण्यांतून काढावयाचे. येथे विजेची बचत शून्य. विकर जर काही वाचवीत असेल तर ते शर्टाची कॉलर घासणाऱ्या हाताचे श्रम आणि खळबळण्याचे पाणी. पण हे श्रम कोणाचे? बहुतेक घरांत गृहिणीचे किंवा धुणेभांडी करणाऱ्या बाईचे. देशात २०१९ मध्ये झालेल्या वेळेच्या विनियोगाच्या पाहणीत असे दिसले की, बिनमोलाचे घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे घालवितात; पुरुषांत हेच प्रमाण ९७ मिनिटे आहे. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या मिनिटांना जागा नाही. ज्या श्रमाला किंमत नाही ते वाचविणाऱ्या वस्तूलाही किंमत मिळत नाही, आणि म्हणून चार पैसे स्वस्त असलेली वडीच घरात येते. धुण्याच्या यंत्रांबरोबर विकरयुक्त पुडी मध्यमवर्गात आली खरी. पण ती प्रायः यंत्राच्या गरजेतून आली. थंड पाणी, बादली, अर्धा तास भिजवणे आणि उपनगरांतील टँकरचे जड पाणी या परिस्थितीत उत्तम चालेल असे विकर शोधणे हा खास येथला प्रश्न आहे. परदेशी कंपनीने तो सोडवावा ही अपेक्षा करण्यात अर्थ नाही. (जाता जाता हेही नमूद करावयास हवे की रेशीम आणि लोकर ही दोन्ही प्रथिनेच होत. पैठणी अशा पुडीत भिजत घालणाऱ्याला विकराची शक्ती वेगळी समजावून द्यावी लागणार नाही!)

चर्मोद्योगाची कथा याहून कठोर आहे. कातड्यावरील केस काढण्यासाठी चुना आणि सोडियम सल्फाइड वापरतात. त्या सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू निघतो आणि टाक्या साफ करावयास उतरलेल्या कामगारांचे त्याने प्राण घेतले आहेत. प्रथिनभेदक विकर केसांची मुळे सैल करते, केस अखंड निघतात आणि सल्फाइड बव्हंशी वाचते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले आहे. विकर जास्त वेळ राहिले तर ते कातड्यालाच पोखरते, तेव्हा वेळेचे व उष्णतेचे भान ठेवावे लागते, ही अडचण खरी. परंतु त्याहून मोठी अडचण अशी की, चुना व सल्फाइड स्वस्त आहेत. ते स्वस्त का आहेत? कारण नदी नासल्याचा आणि विहिरींचे पाणी बिघडल्याचा खर्च कारखानदाराच्या वहीत लिहिला जात नाही. तामिळनाडूतील पालार नदीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट १९९६ रोजी ‘जो प्रदूषण करील त्याने भरपाई द्यावी’ हे तत्त्व आपल्या कायद्याचा भाग असल्याचे घोषित केले. त्यानंतर सामाईक शुद्धीकरण केंद्रे झाली, काही कारखाने बंदही पडले. पण सल्फाइडच्या प्रत्येक किलोवर नदीचा खर्च चढविला जाईल अशी व्यवस्था आली नाही. ती येईपर्यंत विकर महागच दिसणार. वास्तविक ते महाग नाही. त्याच्या प्रतिस्पर्ध्याचे बिल दुसराच कोणी भरतो आहे.

मागणी निर्माण झाली म्हणजे काय होते, याचे उत्तर देशातल्या चीजच्या धंद्यात मिळते. शाकाहारी ग्राहकाला वासराच्या जठरातील रेनेट चालणार नव्हते. त्यामुळे दूध संघांना बुरशीपासून मिळणाऱ्या रेनेटकडे वळणे भाग पडले. या शतकाच्या आरंभी खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर हिरवा ठिपका सक्तीचा झाला, तेव्हा त्या निवडीवर कायद्याचे शिक्कामोर्तब झाले. किंमत थोडी अधिक की उणी, हा प्रश्न तेथे गौण ठरला. श्रद्धेने जे चीजच्या बाबतीत साधले, ते नदीच्या बाबतीत कायद्याला साधू नये, ही गोष्ट मनाला लागते.

शेतकऱ्यांच्या संदर्भात मात्र अतिशयोक्ती टाळलेली बरी. २०२४ च्या हंगामात सोयाबीनला ४,८९२ रुपये क्विंटल हा हमीभाव जाहीर असताना मराठवाड्यातील व विदर्भातील शेतकऱ्याला बाजारात त्याहून पुष्कळच कमी भाव घ्यावा लागला. जैव उद्योग आले की पेंडीला मागणी येईल आणि भाव सुधारेल, असे आश्वासन सभांतून दिले जाईल. वर सांगितल्याप्रमाणे विकर थोडेच लागते. त्यासाठी लागणारी पेंडही कोंबड्यांच्या खाद्यात जाणाऱ्या पेंडीच्या मानाने नगण्य राहील. मळीचे तर याहून अवघड आहे. इथेनॉलसाठी तिला गिऱ्हाईक तयार असताना विकरांचा कारखाना तिच्यासाठी चढा भाव देऊन टिकेल, हे संभवत नाही. मक्यापासून इथेनॉल करणाऱ्या नव्या कारखान्यांत यीस्टला नत्र मिळावे म्हणून आम्लधर्मी प्रथिनभेदक विकर वापरता येते. या एका ठिकाणी मात्र देशातच मोठा, नियमित आणि हिशेबी खरेदीदार उभा राहिला आहे, आणि त्याच्यासाठी यंत्रसामग्री बनविणाऱ्या कंपन्या पुण्यातच आहेत.

पुण्याजवळच पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साह्याने स्थापन झाला आणि पुढच्या वर्षी तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. किण्वनाचे शास्त्र प्रत्यक्ष टाकीवर शिकलेली एक पिढी त्या कारखान्याने घडविली. पुढे चीनमधून स्वस्त पेनिसिलिन येऊ लागले, देशातील त्याचे मूळ उत्पादन बंद पडत गेले आणि ते ज्ञान निवृत्तिवेतनावर गेले. त्याची जाग सरकारला २०२० मध्ये आली. उत्पादनाशी निगडित प्रोत्साहन योजना आखावी लागली, आणि २०२४ मध्ये आंध्रातील काकीनाड्यात पेनिसिलिनचे उत्पादन पुन्हा सुरू झाले. जी टाकी पिंपरीत चालू होती, तीच परत उभारण्यास देशाला अनुदानाचे केवढे मोल द्यावे लागले! विकरांचा उद्योग हा या टाकीचाच सखा भाऊ आहे. तेच तंत्र, तेच कामगार, त्याच चुका.

या पार्श्वभूमीवर नव्या धोरणाने विकरांसाठी नेमके काय करावे? प्रयोगशाळांना आणखी जिवाणू शोधण्यासाठी अनुदान देणे सर्वांत सोपे आहे, आणि म्हणूनच तेच होण्याचा धोका आहे. उणीव आहे ती दहा लिटरच्या काचपात्रापासून दहा हजार लिटरच्या टाकीपर्यंतच्या मधल्या टप्प्याची. हा टप्पा एकट्या लहान उद्योजकाच्या आवाक्याबाहेरचा आहे आणि मोठ्याला त्याची निकड नाही. भाड्याने वापरता येणारी सार्वजनिक किण्वनकेंद्रे उभारावयाची तर ती येथेच उभारावी लागतील. दुसरी गोष्ट खरेदीची. रेल्वेच्या धुलाईगृहांतून चादरी आणि अभ्रे रोज धुतले जातात. सरकारी रुग्णालयांत शस्त्रक्रियेच्या उपकरणांवरील रक्त काढण्यासाठी प्रथिनभेदक विकराचे द्रावण लागते. सरकार येथे स्वतःच गिऱ्हाईक आहे. थंड पाण्यात चालणाऱ्या आणि देशात बनलेल्या विकराची गुणवत्ता ठरवून पाच वर्षांच्या खरेदीची हमी दिली, तर बँकेच्या व्यवस्थापकालाही त्या कारखान्याच्या कर्जाच्या अर्जात काही वाचण्यासारखे सापडेल.

तिसरी गोष्ट हक्काची. पाषाणच्या संग्रहातील जीव किंवा लोणारच्या पाण्यातील जिवाणू यांपासून उद्या कोणी पेटंट मिळविले, तर त्यात लोणारच्या गावकऱ्यांचा वाटा काय? २००२ च्या जैवविविधता कायद्याने लाभाची वाटणी करण्याचे तत्त्व मान्य केले आहे. केनियाच्या सोडा सरोवरांतील जिवाणूंपासून मिळालेल्या विकरांवरून तेथील वन्यजीव खात्याने २००४ मध्ये परदेशी कंपनीविरुद्ध तक्रार मांडली, ती माल बाजारात जाऊन पुष्कळ वर्षे लोटल्यावर. पुण्यातील राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्राच्या सूक्ष्मजीव संग्रहास पेटंटसाठीचे सूक्ष्मजीव जमा करून घेण्याचा आंतरराष्ट्रीय अधिकार २०११ पासून आहे. पेटंटासाठी लागणारा हा दाखला पूर्वी पुण्याबाहेर जाऊन मिळवावा लागे. आता तो गणेशखिंडीच्या रस्त्यावर मिळतो. लोणारच्या एखाद्या जिवाणूची कुपी तेथे जमा होईल, त्या दिवशी सोबतच्या अर्जावर अर्जदार म्हणून कोणाचे नाव असेल आणि लाभाच्या रकान्यात कोणत्या ग्रामपंचायतीचे, हे ठरविण्याची वेळ अर्ज येण्यापूर्वीची आहे.